मुक्कामी गाडी

अहेरी आगाराची गाडी चंद्रपूरच्या बसस्थानकात उभी असली की पाटी वाचायच्या आधीच ओळखू येते. तिच्या लाल रंगावर आणखी एक लाल थर असतो. आष्टीच्या पुढचा रस्ता लोहखनिजाच्या ट्रकांनी दाबून काढलेला. त्याची धूळ तिच्या मागच्या काचेवर, चाकांवरच्या पत्र्यावर, दाराच्या दांडीवर बसलेली असते. पावसाळ्यात त्याच धुळीचा चिखल होतो आणि खिडक्यांपर्यंत चढतो. ती फलाटाला लागली की लगेच माणसं जमतात. कुणाच्या हातात दवाखान्यातल्या औषधांची पिशवी, कुणाच्या खांद्यावर पत्र्याची ट्रंक, कुणी नवा पंखा खोक्यासकट मांडीवर घेऊन बसायच्या तयारीत. जागा धरायला खिडकीतून आत टाकलेले रुमाल तर असतातच.

या गर्दीत एखादा माणूस वेगळा असतो. त्याच्याजवळ सामान फार नसतं. पाठीला एक सॅक आणि छातीशी धरलेली प्लॅस्टिकची फाइल. फाइलमध्ये नेमणुकीचा नाहीतर बदलीचा आदेश. रुजू व्हायला थोडे दिवस बाकी असतात, त्याआधी गाव एकदा डोळ्यांनी बघून यावं म्हणून तो निघालेला असतो. कधी तो शिक्षक असतो, कधी तलाठी, वनरक्षक, बँकेतला लिपिक. कधी नुकतीच शिकून बाहेर पडलेली परिचारिका असते आणि तिच्यासोबत तिचे वडील असतात. वडिलांच्या चेहऱ्यावर काळजी असते आणि ती लपवण्यासाठी ते कंडक्टरला पुन्हा पुन्हा विचारतात, गाडी नक्की किती वाजता पोचेल.

अहेरीला नव्यानं येणाऱ्या माणसाची पहिली भेट गावाशी होत नाही, या गाडीशी होते. मीही अशीच फाइल घेऊन मराठवाड्यातून आले होते, एका शाळेतल्या नोकरीसाठी. आले आणि राहिले. गावाविषयी मला जे कळलं त्यातलं बरंचसं या गाडीनं शिकवलं, म्हणून तिच्याविषयी लिहावंसं वाटतं.

आदेश हातात पडल्यापासून त्या माणसाच्या कानावर खूप काही आलेलं असतं. गडचिरोली म्हटलं की घरातल्या मोठ्यांचे चेहरे उतरतात. कुणाला तरी भेट, बदली रद्द करून घे; नाहीच झालं तर जा, सहा महिने काढ, मग बघू. सरकारी नोकरीत या जिल्ह्याची नेमणूक शिक्षा म्हणून सांगितली जाते. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाप्रमाणे आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रोत्साहन भत्ता मिळतो, एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते. तेही सांगणारा असं सांगतो, जणू काही दुखापतीची भरपाई. हे सगळं बोलताना इथल्या माणसाचा विचार कुणाच्या मनात येत नाही. जिथे लोक पिढ्यानपिढ्या राहतात, शेती करतात, लेकरं वाढवतात, दसऱ्याला राजवाड्यातून निघणारी पालखी बघायला लांबलांबच्या पाड्यांवरून चालत येतात, ते गाव दुसऱ्या कुणासाठी शिक्षा कसं असेल? मला हा प्रश्न फार लागतो आणि तो मी प्रत्येक नव्या माणसाला विचारते.

गाडी मात्र काही विचारत नाही. ती भीती घालत नाही आणि गावाची तारीफही करत नाही. डबल बेल पडली की निघते.

बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी ही गावं मागे पडतात. वैनगंगेचा लांब पूल येतो आणि आष्टीला गडचिरोली जिल्हा सुरू होतो. हा जिल्हा १९८२ च्या २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून वेगळा निघाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. एवढ्या मोठ्या मुलखात रेल्वेचं जुनं स्टेशन एकच, तेही पार उत्तरेला वडशाला. दक्षिणेकडच्या अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, मूलचेरा या पाच तालुक्यांना रूळ माहीत नाहीत. तिथे लग्नाला जायचं, तारखेला जायचं, बाळंतपणाला माहेरी जायचं, तर ही गाडी. हे एकदा लक्षात आलं की तिच्यातली गर्दी वेगळी दिसायला लागते.

आष्टीला ती थोडी विसावते. ड्रायव्हर चहा घेतो, भज्यांचे पुडे खिडकीतून आत येतात. पुढे चपराळा अभयारण्याचा पट्टा लागतो. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य १३४ चौरस किलोमीटरांचं आहे. चपराळ्याजवळच वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना मिळतात आणि पुढे नदीचं नाव प्राणहिता होतं. इथपासून नदी गाडीच्या उजव्या अंगाला कुठेतरी चालत असते, पण मध्ये झाडी असल्यामुळे दिसत नाही. ती अहेरीतच भेटते. मार्च-एप्रिलमध्ये आलात तर खिडकीतून मोहफुलांचा वास आत येतो. पहाटे वेचलेली फुलं अंगणाअंगणात वाळत घातलेली असतात. सागाची पानं तोवर गळून गेलेली असतात आणि जंगलाची जमीन आतपर्यंत दिसते. जुलैत याच रस्त्याला दोन पावलांपलीकडचं दिसत नाही.

आणि बोलणं सुरू होतं. या गाडीत कुणी फार वेळ परका राहत नाही.

“कुठं उतरता जी?”

“अहेरी.”

“नवीन दिसता. कोणत्या खात्यात?”

खातं सांगितलं की मागच्या सीटवरून त्याच खात्यातल्या दोन माणसांची नावं येतात. लगाम येईपर्यंत अर्ध्या गाडीला कळलेलं असतं की हे नवे सर आहेत, अजून खोली मिळालेली नाही. बोरीपर्यंत खोल्यांचे तीन पत्ते झालेले असतात: एक नागेपल्लीला, एक आलापल्लीत, एक अहेरीत दवाखान्याजवळ. एक मावशी सांगतात, खोली कोणतीही घ्या, पण विहीर बघून घ्या, मे महिन्यात नळाचं काही सांगता येत नाही. शेजारचा शाळकरी मुलगा कोणत्या कंपनीचं नेटवर्क कुठपर्यंत येतं हे गावागणिक सांगतो. त्याचं ज्ञान कंपनीच्या नकाशापेक्षा खात्रीचं असतं.

भाषा ऐकावी ती या गाडीतच. पुढच्या बाकावर झाडीबोलीत मराठी चाललेली असते. तिच्यामागे दोन बाया तेलुगूत भाव करतात, कारण नदीपलीकडे तेलंगण आणि लेकीसुना दोन्हीकडे दिलेल्या. मधल्या सीटवर माडिया बोलणारं कुटुंब, बहुतेक वेळ गप्प, मध्येच एकदम सगळे हसतात. लगाम-बोरीच्या अलीकडेपलीकडे बंगाली बोलणारे चढतात. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या त्यांच्या आजोबा-पणजोबांना मूलचेरा आणि चामोर्शीकडच्या या जंगलात वसवलं गेलं. जय सेवा, जोहार, राम राम, सगळे नमस्कार एका गाडीत होतात. कंडक्टरला प्रत्येक भाषेतले आकडे येतात. नव्या शिक्षिकेला मी हेच सांगते: वर्गात काय वाढून ठेवलंय ते बघायचं असेल तर शाळेची इमारत नंतर बघा, आधी या गाडीत डोळे मिटून बसा.

तिच्या स्वभावात एक गोष्ट आहे जी शहरातल्या गाडीत सापडत नाही. ती माणूस सोडून जात नाही. जंगलातून पायवाट रस्त्याला मिळते तिथे कुणी हात दाखवला तर ती थांबते. लांबून एखादी बाई डोक्यावर टोपली घेऊन पळत येताना दिसली तरी थांबते. आतले लोक कुरकुरत नाहीत, कारण उद्या त्या ठिकाणी तेच उभे असणार. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर त्याच्या आदल्या वर्षापासून फुकट प्रवास आहे. तेव्हापासून तिच्यात बायकांचा आणि म्हाताऱ्यांचा आवाज वाढला आहे. पूर्वी घरातला पुरुष एकटाच बाजाराला यायचा. आता सासू-सुना जोडीनं येतात, चारोळी आणि डिंक स्वतः विकतात, पैसे स्वतःच्या पदराला बांधतात.

तिच्या घरात दुसरीही एक आहे, निळी. मानव विकासची गाडी म्हणतात तिला. सकाळी आणि संध्याकाळी ती खेड्यांतल्या मुलींना शाळेत आणते, परत नेते. मुलींना पैसे पडत नाहीत. दप्तरं, वेण्या, परीक्षेच्या दिवशी मोठ्यानं म्हटलेली सूत्रं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली केवळ या निळीमुळे दहावीपर्यंत टिकल्या. ती एक दिवस आली नाही की हजेरीपट सांगतो.

आलापल्लीच्या चौकात गाडी पुन्हा थांबते आणि इथे नवा माणूस गोंधळतो. त्याला वाटत असतं, आपण आता टोकाला आलो. नकाशात नागपूरहून बघितलं तर अहेरी खाली कोपऱ्यातच दिसते, तिच्यापुढे नुसता हिरवा रंग. चौकात मात्र रस्ते फुटलेले असतात. एक एटापल्लीला जातो आणि तिथून पुढे सुरजागडच्या लोहखनिजाच्या डोंगरांकडे. एक भामरागडला. त्याच वाटेवर ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाचं जुन्या सागवानाचं राखलेलं जंगल लागतं, महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ. आणखी पुढे हेमलकसा, जिथे १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा धड रस्ताही नव्हता. एक रस्ता शंभरेक किलोमीटर खाली सिरोंचाला, वाटेत कमलापूरचा फाटा, जिथे वनखात्याचे हत्ती आहेत. आणि एक रस्ता नागेपल्लीवरून अहेरीला. शेजारचा प्रवासी हे सगळं बोट दाखवून सांगतो, आणि सांगता सांगता हेही सांगतो की अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते आमच्याकडचं. त्याच्याच तोंडून वीर बाबूराव शेडमाके यांचं नाव पहिल्यांदा ऐकायला मिळतं. इंग्रजांविरुद्ध उठलेला हा तरुण गोंड जमीनदार, २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी गेला. सांगणारा हे कालपरवा घडल्यासारखं सांगतो.

मग अहेरीचं स्थानक. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा समज जो बदलला तो कायमचा. मी शेवटचा थांबा बघायला आले होते आणि समोर फलाटावर सुटायच्या गाड्या उभ्या होत्या. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, आणि ज्यांची नावं कधी ऐकली नव्हती अशी गावं: जिमलगट्टा, पेरमिली, रेपनपल्ली, देचलीपेठा. पाच तालुक्यांतली माणसं इथे उतरत होती. उपजिल्हा रुग्णालयात जायला, प्रकल्प कार्यालयात दाखल्यासाठी, प्रांताकडे, कॉलेजात, बाजारात. नागपूरच्या हिशेबात जे टोक ते इथल्या माणसाच्या हिशेबात मोठं गाव आहे, जिथे एक्स-रे निघतो, साडी मिळते, ट्रॅक्टरचा पार्ट मिळतो. अहेरी वेगळा जिल्हा व्हावा ही मागणी इथे इतकी जुनी का, ते समजायला या फलाटावर तासभर बसणं पुरेसं आहे.

बघायला आलेला माणूस साधारण एकच दिवस घेऊन येतो. तो त्याचं कार्यालय बघतो, होणाऱ्या सहकाऱ्यांना भेटतो, दोन-तीन खोल्या बघतो. कुणीतरी त्याला संध्याकाळी नदीवर नेतं. प्राणहितेचं पात्र बघून तो गप्प होतो, सगळेच होतात. पलीकडे तेलंगण. वांगेपल्लीच्या घाटावरून पूर्वी डोंग्यानं नदी ओलांडावी लागे, पावसाळ्यात जिवावर उदार होऊन. आता तिथून समोरच्या गुडेमला पूल झाला आहे आणि त्या वाटेनं कागजनगरचं रेल्वे स्टेशन जवळ आलं. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं: म्हणजे रेल्वे आहे तर, फक्त दुसऱ्या राज्यात आहे. रात्री खाणावळीत भात, वरण, आंबाडीची भाजी. भाकरी मागितली तर मिळते, पण ताट इथे भाताचं. मच्छरदाणी लावूनच झोपा, असं त्याला तीन वेगवेगळी माणसं सांगतात, आणि ते त्यानं मनावर घ्यावं. मलेरिया इथे गोष्टीतला नाही. सकाळी तो परत निघतो आणि घरी फोनवर सांगतो, गाव बरं आहे, सगळं मिळतं.

ते खरंच आहे. पण त्याला निम्मंच दिसलेलं असतं. कारण संध्याकाळी तो नदीवर गेला तेव्हा स्थानकातून मुक्कामी गाडी सुटून गेलेली असते.

मुक्कामी गाडी आगारातल्या इतर गाड्यांसारखीच दिसते. तोच पत्रा, तीच बाकं. फरक तिच्या वेळेत आणि तिच्या माणसांत आहे. दुपार कलली की ती निघते, उलट्या दिशेनं, म्हणजे शहराकडे पाठ करून. शाळा सुटलेली मुलं, दवाखान्यातून सुट्टी मिळालेली बाई आणि तिचं फडक्यात गुंडाळलेलं तान्हं, बाजार आटोपलेली माणसं तिच्यात असतात. पायाशी तेलाचे डबे, मिठाच्या पिशव्या, खताचं पोतं, पाय बांधलेली कोंबडी. गावं एकेक करून उतरत जातात. शेवटच्या गावी पोचेपर्यंत अंधार झालेला असतो आणि गाडीत चार-सहा माणसं उरतात. तिथे ती झाडाखाली किंवा शाळेपुढे उभी राहते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, कधी गाडीत, कधी ग्रामपंचायतीच्या खोलीत. पहाटे कोंबडा आरवायच्या सुमाराला इंजिन सुरू होतं आणि आसपासच्या पाड्यांवरची माणसं त्या आवाजावर घरं सोडतात. घड्याळ बघून कुणी निघत नाही.

ही गाडी रात्री गावात आहे, म्हणजे सकाळी गावातून निघता येणार. एवढ्याशा खात्रीवर तिथली किती कामं उभी असतात! मुलगी कॉलेजात नाव घालते ती या गाडीच्या भरवशावर. गरोदर बाईची तपासणीची तारीख तिच्यावर ठरते. तेंदूपानांच्या हंगामाचे पैसे बँकेत आले की नाही ते बघायला म्हातारा तिच्यातूनच येतो, दिवसभर रांगेत बसतो आणि तिच्यातूनच परत जातो. मी तिला आगारातली सगळ्यात मोठ्या मनाची गाडी म्हणते. तिच्यात उत्पन्न कमी आणि डिझेल जास्त, हे कुणीही सांगेल. तरी ती जायला हवी आणि जात राहायला हवी. हिशेबाच्या वहीत तिला फक्त तोट्याच्या रकान्यात लिहिणाऱ्यानं एकदा तिच्यातून पहाटे यावं.

तिनं वाईट काळही काढला आहे. १९८० पासून या जंगलात नक्षलवादी आले आणि पुढची चार दशकं रस्त्यांवर दहशत राहिली. जुलैअखेरचा शहीद सप्ताह आला, बंदची पत्रकं पडली, झाडं तोडून रस्त्यात आडवी टाकली की आतल्या फेऱ्या थांबत. गाड्या जाळल्याच्या घटना घडल्या. काही मार्गांवर रात्रीचा मुक्काम सोडून दिवसाउजेडी परतावं लागे, आणि मुक्काम गेला की त्या गावाची सकाळ गेली. त्या काळात या मार्गांवर चाकामागे बसलेल्या ड्रायव्हरांची नावं कुठल्या शिळेवर कोरलेली नाहीत. इथल्या माणसांना ती पाठ आहेत. पुढे २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत राज्यभर एसटीचा संप चालला. शहरातल्या माणसानं दुसरं वाहन शोधलं. आतल्या गावांत लोक पुन्हा चालायला लागले, आजाऱ्याला खाटेवर घालून आणायला लागले.

आणि तिनं चांगला दिवसही बघितला. १ जानेवारी २०२५ ला एटापल्ली तालुक्यातला गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी हा ३२ किलोमीटरचा रस्ता खुला झाला आणि अहेरीहून गर्देवाड्याला पहिल्यांदा एसटी गेली. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाली होती. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्या दिवशी तिच्यातून बसून गेले, म्हणून बातमी सगळीकडे छापली गेली. पण पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला सुटली होती. तिथून इथपर्यंत यायला तिला लागलेला वेळ मोजला की आनंदाबरोबर घशात काहीतरी अडकतं. त्या मधल्या वर्षांत तिथे माणसं जन्मली, आजारी पडली, मेली. त्यांना चालत यावं लागलं किंवा येताच आलं नाही.

पावसाळ्यात सगळ्याच गाड्यांची परीक्षा असते. भामरागडजवळ पर्लकोटा नदी चढली की पलीकडचा मुलूख तुटतो, हे वर्षानुवर्षं चालत आलं. छोटे नाले तर तासाभरात पुलावरून वाहतात. गाडी अलीकडे उभी राहते, ड्रायव्हर खाली उतरून पाण्यात काठी उभी करतो आणि पाणी कमी होण्याची वाट बघतो. आतली माणसं डबे सोडतात. अशा वेळी तिच्यात घाई करणारा एकच असतो, नव्यानं आलेला. पुढच्या वर्षी तोही डबा सोडून बसलेला दिसतो, आणि दुसऱ्या कुणाला सांगत असतो, उतरेल पाणी, बसा.

म्हणून माझं सांगणं असतं की बघायला येत असाल तर दोन दिवस काढून या. एक रात्र मुक्कामी गाडीबरोबर जा. आपल्या खात्याचं कुणीतरी आत असतंच, शाळेत, आरोग्य उपकेंद्रात, वनखात्याच्या नाक्यावर. ओळख काढून त्यांच्याकडे राहा. पहाटे त्याच गाडीनं अहेरीला परत या आणि मग ठरवा. चंद्रपूरहून आलेल्या माणसाला अहेरी लहान दिसते, त्यामुळे इथे काय नाही याचीच यादी त्याच्या डोक्यात तयार होते. आतून आलेल्या माणसाला तीच अहेरी भरलेली दिसते. आपल्याला नोकरी त्या दुसऱ्या माणसासाठी करायची आहे, तर गाव एकदा त्याच्या बाजूनं येऊन बघितलं पाहिजे. खोली, पाणी, नेटवर्क हे सगळं बघावंच, त्यात काही वावगं नाही. पण उद्या सकाळी आपल्या टेबलापुढे कोण उभं राहणार आहे आणि तो किती वाजता उठून, काय मागे टाकून आला आहे, हे आधी बघितलेलं असलं तर पहिल्या दिवशीच आपल्या तोंडून ‘उद्या या’ निघत नाही.

मागच्या पावसाळ्याच्या आधी एक परिचारिका अशी जाऊन आली. वडील सोबत होते. सकाळी मुक्कामी गाडी स्थानकात शिरली तेव्हा मी फलाटावर होते. आधी कॉलेजच्या मुली उतरल्या, मग एका म्हाताऱ्याला दोघांनी हात देऊन उतरवलं आणि दवाखान्याकडे नेलं. ही मुलगी त्यांच्या मागोमाग चार पावलं गेली, त्याला काय होतंय ते त्याच्या मुलाला विचारलं, केसपेपर कुठे निघतो ते दाखवलं. तिला स्वतःला ते आदल्याच दिवशी कळलं होतं. वडील दाराशी कंडक्टरशी बोलत थांबले होते. गाडी नक्की किती वाजता पोचते हा प्रश्न आता त्यांच्याकडे नव्हता.

“पुढच्या महिन्यात हिचं सामान आणायचं म्हणतो. या गाडीत चालेल का?”

“कायकाय आहे जी?”

“एक ट्रंक, गादी, पुस्तकांची दोन खोकी. भांडी. शेगडी आणि सिलिंडर.”

“सिलिंडर नाही चालत काका, ते इथंच घ्या. बाकी आणा. चंद्रपूरहून सकाळची धरा, गर्दी कमी राहते.”

वडिलांनी खिशातून कागद काढला आणि वेळ लिहून घेतली.